लेबलाची खालची ओळ

तारिहाळच्या आमच्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग बनतात. तिथलं संगणकाचं सगळं मी बघते. पेट्यांवरची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. देशोदेशीची माणसं मिळून ते सांभाळतात. त्यात एक खोट होती. लेबलाच्या खालच्या ओळीत कन्नड जोडाक्षरांचा खाली लोंबणारा भाग छापताना कापला जाई. मी कोड उघडून दुरुस्त केला. पण नवी आवृत्ती आली की जुनी खोट परत हजर, आणि मी माझा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तो तुकडा, परत बसवायचा.

शेवटी मालक म्हणाले, "अक्का, पुढच्या वेळीही असंच झालं तर विकतचं घेऊ या. गिऱ्हाइकं हसतात."

म्हणजे माझा पॅच मूळ प्रकल्पातच जायला हवा होता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधून मी सगळे बदल एकत्र बांधून पाठवले: अक्षरांची दुरुस्ती, आमचा शिक्का, आमच्या पेटीचं माप. सोबत बदल समजावणाऱ्या टिपा आम्ही बोलतो तशा, अर्धं वाक्य कन्नडात, अर्धं मराठीत. प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं: एका पॅचमध्ये एकच बदल पाठवा, आणि आम्हाला वाचता येईल असं लिहा.

मळमड्डीला घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "एकाच डब्यात भात, पिठलं नि ताक ओतून पाठवलंस. वर त्यांनी चवीनं खावं!"

"तुमचा डबा कोण भरतं, ते आठवा आधी."

पण बोलणं खरं होतं. रविवारी बसून बदल सुटे केले. शिक्का आणि माप सेटिंगमध्ये भागत होतं, तिथे हलवलं. अक्षरांची दुरुस्ती हा एक पॅच, ती तपासणारी चाचणी हा दुसरा. टिपा सरळ इंग्रजीत. तिकडून एकाने विचारलं, यानं बाकीच्या लिप्या बिघडणार नाहीत कशावरून? मी मराठी, तेलुगू, मल्याळम लेबलं छापून त्यांचे फोटो पाठवले. दोन्ही पॅच घेतले गेले.

नवी आवृत्ती आली तेव्हा मालक माझ्या खुर्चीमागेच उभे होते. मी ती जशीच्या तशी चढवली. लेबल बाहेर आलं. खालची ओळ अख्खी.

"आतेन्री, अक्का?" झालं का, एवढंच त्यांनी विचारलं.

"आत री. आपलंच नव्हे, हे वापरणाऱ्या सगळ्यांचं."

विकतचं सॉफ्टवेअर दाखवायला आलेला माणूस बाहेर बसला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.