युलोगेतोस

राग आला की ते चष्मा काढून टेबलावर उपडा ठेवत आणि म्हणत, "शब्द कोणाचा हाय, ते पहिले पाहा."

बुलढाण्याच्या आमच्या चर्चचे ते निवृत्त पाळक. रविवारी दुपारी आम्हा तिघा-चौघांना ग्रीक शिकवत. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला मास्तर म्हणत. असा रागीट शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. क्रियापदाचा काळ चुकला की अंगावर येणारा, आणि मग स्वतःच चहा टाकणारा.

एका दुपारी 'युलोगेतोस' आला. आपण मराठीत 'देव धन्यवादित असो' म्हणतो, त्यातला 'धन्यवादित'.

"नव्या करारात हे विशेषण फक्त देवाले लागते, मास्तर. माणसाले युलोगेमेनोस. ते कृदंत हाय. कोणी आशीर्वाद देला म्हणून तो धन्य. त्याचं सोताचं काही नाही."

"आणि 'असो' कुठे आहे?" मी विचारलं.

"मुळात क्रियापदच नाही. 'असो' आपण घातला. तुमच्या परवानगीनं देव स्तुत्य होते काय?"

त्याच वर्षी मंडळीच्या अध्यक्षांनी चर्चच्या कब्रस्तानाच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानं काढली. तिथे वारस नसलेल्यांच्या कबरी होत्या. हाडं पोत्यांत भरून मागे एका खड्ड्यात लोटली. पाळक भांडायला गेले.

"मेलेल्यायची तक्रार हाय काय, साहेब?" अध्यक्ष हसून म्हणाले.

पुढे त्याच अध्यक्षांचा सत्कार ठरला आणि मानपत्र वाचायला पाळकांनाच उभं केलं. ते वाचत नावापर्यंत आले. नावाआधी छापलं होतं, 'धन्यवादित'. ते थांबले.

"हा शब्द याचा नाही. यानं मुर्दे पोत्यात भरले."

कोणीतरी माइक बंद केला. ते तसेच बोलत राहिले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. सगळे माना खाली घालून बसले होते.

लवकरच त्यांना चर्चच्या आवारातलं घर रिकामं करायला लावलं. ते सुलतानपूरला मुलीकडे गेले आणि मागच्या उन्हाळ्यात तिथेच वारले. बायकोच्या शेजारी पुरा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. तिची कबर बुलढाण्यात. त्याच दिवशी मी त्यांच्या मुलीबरोबर अध्यक्षांकडे गेलो.

"कब्रस्तानात जागा नाही," ते म्हणाले. बसासुद्धा म्हणाले नाहीत.

येताना कब्रस्तानावरून आलो. एका दुकानाचं शटर अजून बंद होतं. त्यावर रंगवलं होतं, 'जागा भाड्याने देणे आहे'. मुलीनं ते वाचलं. माझ्या तोंडात शिवी आली होती.

"चला सर," ती म्हणाली. "बाबा घरी एकटेच हायेत."

दिवस मावळायच्या आत आम्ही त्यांना तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत पुरलं.