टिश्यूचं पाकीट आणि देवमासा

विमान सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून उडालं तेव्हा आमची इरा पट्टा बांधलेल्या अवस्थेतच उड्या मारत होती. वय वर्षं नऊ. सुट्टीत अर्जेंटिनाला जाऊन जिवंत देवमासा बघणार, असं अख्ख्या वर्गाला सांगून बसलेली. तिची मैत्रीण वेईलिंग म्हणाली होती, "नो फोटो, डोन्ट काउंट, ला!" म्हणजे आमच्या घराण्याची अब्रू आता एका फोटोवर टांगलेली. त्यात सिंगापूरच्या शाळांना सुट्टी लागते नोव्हेंबर सरत आल्यावर आणि देवमासे तिथला किनारा सोडतात डिसेंबर लागता लागता.

आधी बारिलोचेची सरोवरं पाहिली. इतकं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आनंदाने त्या बर्फगार पाण्यात पाय बुडवला आणि अशी किंचाळले की काठावरची बदकं उडाली. माझा नवरा गिरीश सिंगापुरात आमच्या टॅम्पिनीस भागात रोज सकाळी तळ्याकाठी धावतो. तो म्हणाला, "आता आपलं तळं मला डबकंच वाटणार बघ."

मग अख्खं पठार बसने ओलांडून अटलांटिकचा किनारा. तिथे पुंता तोंबोला पेंग्विनांचं राज्य. वाटेवर पहिला मान पेंग्विनचा, माणसाने थांबायचं, असा नियमच आहे. एक महाशय आमच्यापुढे मधोमध उभे राहून सावकाश पंख खाजवत राहिले आणि आम्ही तिघं सरकारी कचेरीत उभं राहावं तसे अदबीने उभे.

देवमाशांच्या गावी मात्र वाऱ्याने दोन दिवस बंदर बंद ठेवलं. इराचं जेवणात लक्ष लागेना. तिसरी सकाळ आमची शेवटची होती. वारा पडला आणि आम्ही होडीत सगळ्यांच्या आधी चढलो. पुढचा बाक रिकामा! गिरीशने खिशातून टिश्यूचं पाकीट काढून त्यावर ठेवलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारी आमची जात. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, तेच काम टिश्यूचं पाकीट करतं. त्याला तिथे 'चोप' करणं (जागा धरणं) म्हणतात आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. आम्ही निर्धास्तपणे मागच्या टोकाला समुद्रसिंह बघायला गेलो.

परत येतो तर बाकावर एक गोलमटोल बाई आपल्या मोठ्या गोतावळ्यासह ऐसपैस बसलेल्या. आमच्याच पाकिटातला टिश्यू काढून त्यांनी जोरात नाक शिंकरलं आणि हसून म्हणाल्या, "ग्रासियास!" (आभार!) होडीवाल्यानेच ते प्रवाशांसाठी ठेवलंय, असा त्यांचा समज.

"अहो, सांगा ना त्यांना!" मी गिरीशला ढोसलं.

"काय सांगू? नाक परत घ्या म्हणून?"

मला हसू आवरेना. गेलो मागे.

तासभर समुद्र कोराच. होडी परतीला वळायला लागली. "बाशेना! बाशेना!" (देवमासा!) पुढून एकच गिल्ला झाला. सगळे उठून उभे राहिले. इराला फक्त पाठी दिसत होत्या. "ममा, आय कान्ट सी!" म्हणून तिने भोकाड पसरलं.

त्या बाईंनी मागे वळून पाहिलं. गर्दीतून हात घालून इराला ओढलं आणि बाकावर उभं करून कमरेला घट्ट धरलं. होडीला खेटून देवमाशाची मादी वर आली, शेजारी पिल्लू! तिने असा फवारा सोडला की पुढचे सगळे चिंब झाले. इरा किंचाळत होती, गिरीश नाचत होता आणि मी रडत होते. बाईंनी उरलेला टिश्यू माझ्या हातात कोंबला, मग 'माते' नावाच्या कडू पाल्याच्या काढ्याचा पेला. घरी नवऱ्याचा उष्टा चहाही न पिणारी मी, त्यांच्याच नळीने तो प्यायले.

किनारा आल्यावर गिरीशने हळूच विचारलं, "फोटो कुणी काढला?"

कुणीच नाही.

परतीच्या तीन विमानांत मी इराची समजूत घालत राहिले. ती मात्र फवाऱ्यात भिजलेलं आपलं जाकीट उराशी धरून मंद हसत होती. पुढल्या रविवारी टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये वेईलिंग भेटली. "फोटो?"

इराने पिशवीतून ते जाकीट काढलं. मला धुऊच दिलं नव्हतं तिने. "नो फोटो. स्मेल!"

वेईलिंगने नाक लावलं आणि दोन टेबलं मागे पळाली. "ईई! रिअल व्हेल, ला!"

मग नाक पुसायला तिने आमच्या टेबलावरच्या, जागा धरणाऱ्या पाकिटातला टिश्यू ओढला. कुणी चोपचं पाकीट फोडलं तर पूर्वी मी डोळे वटारले असते. आता पाकीटच तिच्यापुढे सरकवलं आणि बसायला जागाही करून दिली.