दोन पातेल्यांचा हलवा

नारळाच्या दुधात गव्हाचा चीक शिजू लागला, की त्याचा वास फार उशिरा येतो. आधी आवाज येतो. सुरुवातीला पातळ दूध नुसतं खळखळतं. मग ते हळूहळू जड होत जातं आणि तळातून एकेक मोठा बुडबुडा आळसावल्यासारखा वर येऊन फुटतो. उलथनं जड होतं, खांदा भरून येतो, आणि आता दुसऱ्या कुणी तरी हात लावावा असं मनात येतं न येतं तोच कडेने तेल सुटतं आणि वेलदोड्याचा तो उष्ण, गोड दरवळ सगळ्या पटांगणात पसरतो. आमच्या चिकाच्या हलव्याचा हा वास. पनवेलच्या जुन्या गावात, मशिदीमागच्या आमच्या शाळेच्या पटांगणात तो मी लहानपणापासून घेत आले आहे. मशीद म्हणजे सिनेगॉग, आमचं प्रार्थनास्थळ. कोकणातले आम्ही ज्यू पिढ्यान्‌पिढ्या त्याला मशीदच म्हणत आलो आणि घरीदारी मराठीच बोलत आलो. तेव्हा तुम्ही दचकू नका.

हा हलवा खरं तर नव्याच्या सणाचा, म्हणजे आमच्या नववर्षाचा. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, निवळ पाणी ओतून खाली बसलेला पांढराशुभ्र चीक घ्यायचा आणि नारळाच्या दुधात साखर आणि चिमूटभर रंग घालून तो आटवायचा. थाळ्यांत थापला की गुलाबी, थरथरता, आरसपानी दिसतो. त्यात गाईम्हशीचं दूध मात्र नसतं, आणि त्याला कारण आहे. मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचं नाही, त्यांची भांडीही वेगळी, हा आमचा कडक नियम. सणाला मटण तर हवंच. मग त्यावर गोड काय खायचं? किनाऱ्यावर नारळ अमाप. कोण्या शहाण्या बाईने हा तोडगा काढला असेल कोण जाणे! नियमही राहिला आणि जीभही सुखावली. धर्म टिकतो तो ग्रंथांनी की अशा स्वयंपाकघरातल्या तडजोडींनी, हा प्रश्न मला नेहमी पडतो, आणि उत्तराची वाट न पाहता मी नारळ खवायला घेते.

सण उरकले की पुढच्या एखाद्या रविवारी शाळेचं जेवण व्हायचं. मटण, भात आणि हलवा. त्याची कुपनं विकून वर्षाची डागडुजी निघायची. शाळा आमच्या समाजाने काढलेली, लहानशी, चौथीपर्यंतची. मी तिथेच शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. माझ्या शाळकरी वयात वर्गात निम्मी मुलं आमची असत. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. बाकं रिकामी झाली, आणि बाक रिकामं ठेवणं कोणत्याही मास्तरणीला सहन होत नाही. त्यावर मोहल्ल्यातली मुसलमानांची मुलं बसली, शेजारच्या विचुंब्याच्या आगरी घरांतली बसली आणि तिथल्या नव्या इमारतींत मुंबई-पुण्याहून राहायला आलेल्या नोकरदारांचीही बसली. सकाळची प्रार्थना तीच राहिली. शुक्रवारी शाळा लवकर सुटे, शनिवारी बंद. बाकीच्या मुलांच्या आया एव्हाना रविवारऐवजी शनिवारी मुलांची नखं काढायला आणि केस धुवायला शिकल्या होत्या.

मी सांगते आहे त्या वर्षी पावसाने वर्गांवरचे पत्रे सडवले होते. आणि आमच्या विश्वस्तांमधले थोरले, शालोमकाका, मुंबईहून निरोप घेऊन आले होते. गोरेपान, काठी टेकत चालणारे, वाक्याच्या शेवटी दात घट्ट मिटणारे. वर्गांवरून एक चक्कर मारून ते मला म्हणाले, "रिबका, पोरं चिक्कार आहेत. त्यांत आपली किती?"

"दोन," मी म्हटलं. "त्यातली एक माझी भाची."

"मग ही ज्यू शाळा कशी? क्लासवाले भाड्याने जागा मागताहेत. देऊन टाकू."

मी रडारड करणारी बाई नाही. मी फक्त विचारलं, की पत्र्यांचे पैसे आम्हीच उभे केले तर? काका म्हणाले, "शाळेने आपल्या माणसांच्या बळावर उभे केले, तर मी अडवणार नाही. ट्रस्टच्या गंगाजळीला हात लागणार नाही. आणि जेवणाला मी स्वतः येईन, बघायला." त्यांच्या तोंडची आपली माणसं कोण, हे मी मुद्दाम विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की उत्तर देणाऱ्याला आपल्या उत्तराला चिकटून राहावं लागतं. शाळा जाणार की राहणार, माझी नोकरी आणि त्या साऱ्या पोरांची बाकं यांचं काय होणार, हे आता एका जेवणावर येऊन ठेपलं होतं.

जेवण रविवारी. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून हलवा शुक्रवारीच व्हायला हवा होता. आमच्याकडची रीत अशी, की चूल पेटवायची आम्ही, मग ढवळायला कुणीही चालतं. एरवी आमच्याच बायका पुरत. त्या वर्षी तेवढे खांदेच उरले नव्हते. मदतीला आल्या त्यांत हिराबाई होत्या. तिसरीतल्या एका मुलाची आजी, विचुंब्याच्या. शेतं इमारतींखाली गेली होती, पण गोठ्यातली एक म्हैस त्यांनी हट्टाने ठेवली होती. उन्हं कलायला लागली. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो, त्याआधी मला घरी जाऊन दिवा लावायचा होता. हलवा आता नुसता आटायचा राहिला होता, म्हणून मी उलथनं हिराबाईंच्या हाती दिलं. "तेल सुटलं की थाळ्यांत ओता, आग विझवा," एवढं सांगून निघाले. वाटेत मागे वळून पाहिलं, तर पदर खोचून त्या पातेल्यात अशा वाकल्या होत्या, जणू घरचंच कार्य!

रविवार उजाडला तो स्वच्छ. पटांगणात मांडव, सतरंज्या, पत्रावळी. कुपनं बरी खपली होती, पण पत्र्यांच्या मानाने तोकडीच. मटणाला चव आली होती. शालोमकाकांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला तेव्हा मला जरा धीर आला. मग हलव्याच्या थाळ्या आल्या. त्या नेहमीपेक्षा फिकट दिसत होत्या, अधिक दाट, आणि वासात काहीतरी वेगळं होतं. पहिली थाळी घेऊन हिराबाई स्वतः काकांपुढे आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"खावा शेट. नारलाचं दूध पातल दिसलं मना, म्हनून आमचे म्हशीचं घातलंय. घरचं हाय. पानी नाय एक थेंब."

काकांचा हात थाळीवर थबकला. आमच्या पंगतीतले सगळेच थबकले. तुम्ही कधी पाहिली आहे का अशी वेळ, जिच्यात चूक कुणाची तरी आहे आणि राग धरावा असं मात्र कुणीच नाही? शुक्रवारी मदतीला येतानाच धारा काढून, डोक्यावर दुधाची कासंडी घेऊन ही बाई विचुंब्याहून चालत आली होती. ज्या घरात नारळाचं दूध हे दूध नसल्यावरची सोय असतं, तिथल्या बाईने शाळेच्या हलव्याला उणं पडू दिलं नाही, एवढंच घडलं होतं. आणि आम्ही सगळे नुकतंच मटण जेवलो होतो.

काका हळू आवाजात म्हणाले, "रिबका, हा हलवा गेला. आणि पातेलंही गेलं. समाजाचं पातेलं!"

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सरळ सांगितलं. अशा वेळी गोल गोल बोलण्याने माणूस अधिक घाबरतं. "हिराबाई, मटणावर आम्हांला दूध चालत नाही. तुम्हांला कुणी सांगायलाच हवं होतं."

त्यांनी थाळी खाली ठेवली. "म्हंजी मी बाटवला?"

"बाटवला कसला, आजी!" मागून आवाज आला. हे नजीरभाई. करंज्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मुलगी आमच्याकडे दुसरीत. हात पुसत ते पुढे आले. "आमच्यात हराम-हलाल असतं, तसंच यांचं. माल अव्वल आहे, फक्त आत्ता यांच्या ताटात नको. बाई, मला सांगा, घरी नेऊन उद्या खाल्ला तर?"

"उद्या चालेल. आज रात्रीही चालेल, मधे पुरेसा वेळ गेला की."

"आणि आम्हांला?"

"तुम्हांला आत्ताच चालेल."

"मग वाटता कशाला? विका!" असं म्हणून नजीरभाई चौथीच्या बाकावर चढले सुद्धा. लिलाव आम्हांला परका नाही. आमच्या मांडवाच्या सणाला मांडवात टांगलेली फळं शेवटी मशिदीत लिलावानेच जातात, आणि एका पेरूसाठी सख्खे भाऊ इरेला पेटलेले मी पाहिले आहेत. पण करंज्याचा गळा आमच्या मशिदीने कधी ऐकला नव्हता!

"बोला, बोला! शुक्रवारचा माल! विचुंब्याच्या म्हशीचं दूध, पनवेलच्या मशिदीचा चीक! ताजा किती, डोळे बघा याचे!"

"हलव्याला डोळे कुठले, नजीरभाई?" नव्या सोसायटीतला एक बाप ओरडला.

"मग कल्ले बघा, साहेब! बघायला पैसे नाहीत, बोलायला आहेत!"

माणसं हसली, आणि हसलेल्या माणसाचा हात खिशाकडे लवकर जातो. सोसायटीवाले एकमेकांच्या बोलीवर चढू लागले. मोहल्ल्यातल्या बायकांनी एकत्र येऊन एक अख्खी थाळी उचलली. विचुंब्याची मंडळी आपल्या म्हशीचा हलवा दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायला तयार होईनात. "आमची म्हस, आमचा हलवा, आन्‌ आमीच बोली लावाची?" एक म्हातारा कुरकुरला, आणि वर पुन्हा बोली वाढवून बसला. हिराबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. तिसरी थाळी गेली तेव्हा त्यांनी डोळ्यांवरचा पदर काढला, आणि पाचवी गेली तेव्हा त्या नजीरभाईंना चढ्या आवाजात सूचना देऊ लागल्या.

शेवटची थाळी उरली. तिच्यावर पहिली बोली काठीच्या ठोक्यासह आली. शालोमकाका! त्यांच्यावर कुणी चढलं नाही. चढण्याजोगं त्यांनी ठेवलंच नव्हतं.

पत्र्यांचा खर्च निघेल एवढं जमलं हे मला लगेच कळलं, पण काकांचं मन कळलं नाही. पंगती उठल्या, मांडव सुटायला लागला, तरी ते निघेनात. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पोरांच्या बाकावर, गुडघे वर येत असताना, थाळी मांडीवर घेऊन ते बसून राहिले. गाडीवाला दोनदा विचारून गेला. मी भांडी घासत होते. माझ्या एका बाजूला हिराबाई होत्या, दुसऱ्या बाजूला नजीरभाईंची बायको, आणि पलीकडे सोसायटीतली, बँकेत नोकरी करणारी एक बाई, जिला राख कशी लावतात हे आम्ही तिघी एकाच वेळी शिकवत होतो. समाज म्हणजे तरी काय असतो? एका पंगतीत जेवणारी माणसं, की जेवण झाल्यावर भांड्यांपाशी थांबणारी? काका तिकडेच पाहत होते. मधेच भाची आणि तिच्या मैत्रिणी त्यांच्यापुढून धावत गेल्या. त्यांतली आपली कोणती, हे त्यांना ओळखता आलं नसावं. त्यांनी विचारलंही नाही.

दिवेलागणीला त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मला हाक मारली. "वेळ झाला. सुरी आण."

मी वडी कापून दिली. त्यांनी ती सावकाश खाल्ली, बोटं चाटली, आणि दात न मिटता म्हणाले, "जड आहे. पण वाईट नाही." मग काठी टेकत उठताना म्हणाले, "हे पातेलं आता दुधाचंच झालं. त्या बाईचं नाव घाला त्यावर. नारळाच्या हलव्याला नवं घ्या, ते मी देतो. पुढच्या वर्षी दोन पातेली लावा."

मी मान हलवली आणि घासत असलेलं भांडं पुन्हा एकदा घासलं. पुढच्या वर्षी! गाडी वळून मुंबईच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत हिराबाई विचारत होत्या, "शेट काय बोलला? रागावला काय?" मी म्हटलं, "नाही. तुम्हांला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलंय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. काका गेले. नवे पत्रे जुने झाले आणि पुन्हा गळू लागले. ज्यू मुलं कधी एक असतात, कधी तीन. कधी तरी एकही नसेल, त्या दिवसाचा मी विचार करते आणि त्याची फार भीती वाटून घेत नाही. सणांनंतरच्या त्या शुक्रवारी पटांगणात दोन चुली मांडल्या जातात, हात-दोन हात अंतर ठेवून. उलथनी वेगळी, फडकी वेगळी. त्यात गफलत नाही. दोन्ही पातेल्यांत बुडबुडे तसेच आळसावून वर येतात, दोन्हींच्या कडेला आपापल्या वेळी ओशट चमक दिसते. एकावर हिराबाईंचं नाव कोरलं आहे. आता त्या स्वतः ढवळत नाहीत, बाजूला खुर्ची टाकून चुका काढतात. उन्हं कलली की मी दिवा लावायला घरी निघते. वेशीपर्यंत वास सोबत येतो. त्यात नारळ किती आणि दूध किती, हे इतक्या लांबून मलाही सांगता येत नाही.