वन्संचा कुणावर विश्वास नाही

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पाहिली आहेत, सरकारवर नसलेली तर घरटी एक आहे, पण दाराच्या बेलवर विश्वास नसलेली बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि ती म्हणजे आमच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बेल वाजली की तुम्ही-आम्ही दार उघडतो. वन्सं आधी गॅलरीतून खाली डोकावतात, मग खिडकीतून चपला कुणाच्या आहेत ते बघतात, मग दाराला कान लावून "कोण?" म्हणून विचारतात, आणि बाहेरून "मी" असं उत्तर आलं तर म्हणतात, "मी तर आत हाय. तू कोण?" आमचे गॅसवाले, पेपरवाले आता शहाणे झालेत. ते रस्त्यावरूनच नाव, गाव आणि काम ओरडून सांगतात. त्यामुळं आमच्याकडं आज कोण आलं, कशाला आलं, हे सगळ्या शुक्रवार पेठेला आमच्या आधी कळतं. हा कसला बंदोबस्त, असं मला पुष्कळदा वाटतं, पण ते वन्संना सांगायचं कुणी?

बाजारातही तीच तऱ्हा. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाली म्हणाली, "ताजी हाय बघा मेथी, आत्ताच आलीया," की झालं. कुणाच्या रानातली, कवा उपटली, कशातनं आणली, मग पानं खालच्या बाजूनं पिवळी का? एकदा एका भाजीवालीनं हात जोडले आणि म्हणाली, "बाई, मेथी घ्या, न्हाईतर मला पोलिसात तरी द्या." इचलकरंजीच्या मामेभावानं लेकीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवली, तर वन्संनी घरात कुणालाच ती उघडू दिली नाही. हल्ली पत्रिकेच्या नावाखाली भलतंच काहीतरी फोनमध्ये शिरतं म्हणे. त्यांनी सरळ मामेभावाला फोन लावला. "तूच पाठवलीस का?" तो म्हणाला, "व्हय की अक्का." "मग सांग, माझ्या लग्नात तू कुठल्या विहिरीत पडलातास?" बिचारा मंगल कार्यालयाच्या मालकापुढं बसला होता. त्याला तिथं, चारचौघांत, विहीर सांगावी लागली. लग्नात आम्हाला भेटला तेव्हा म्हणाला, "वैनी, पत्रिका दिली तर जबानी घेत्यात हो तुमच्यात." मी त्याच्या पानात जिलबी वाढली. एक मीही खाल्ली.

वन्संचे यजमान लवकर गेले. त्या माहेरी परत आल्या आणि हातकणंगल्याला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जायला लागल्या. रोज एसटीनं जायचं, आम्ही जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत परत येऊन जेवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. मग पोरं सगळं मोबाईलवरच शिकायला लागली आणि क्लासला कुलूप लागलं. माझा नवरा गुळाचा अडत्या आहे, बोलायला रांगडा आणि मनानं भाबडा. तो म्हणाला, "अक्का, बस की आता निवांत. तुला काय कमी हाय? आम्ही हाय की." अगदी जीव तोडून म्हणाला. पण त्या दिवसापासून वन्सं पंखा लावतानासुद्धा "लावू का गं?" असं मला विचारायला लागल्या. स्वतःच्या बापाच्या घरात! पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आलं, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठून स्वतःच पंखा लावला. मी नवऱ्यावर डाफरले, तर त्याला आपण काय चुकीचं बोललो तेच कळेना.

अशात एकदा आमच्या महिला मंडळात सायबर गुन्ह्यांवर बोलायला एक साहेब आले. ते सांगत होते, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, ओळखीच्या माणसाचा निरोप आला तरी खात्री करून घ्या, कुणी घाई करायला लागला की समजा पाणी मुरतंय. बाकीच्या बायका घाबरून एकमेकींकडं बघत होत्या. वन्संचा चेहरा मात्र असा फुलला होता, की मी तसा त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्यापायी घरच्यांनी नावं ठेवली, तेच एक शिकलेला माणूस माईकवरून सांगत होता! भाषण संपल्यावर त्यांनी साहेबांना चहाच्या टेबलापाशी गाठलं. "ह्याचं शिक्षण असतंय का?" साहेब म्हणाले, असतं की. पहिल्या पायरीची एक परीक्षा असते, घरबसल्या देता येते, ती झाली की कंपन्या कामावर घेतात. वय किती चालतं, असं वन्संनी विचारलं. साहेबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "मावशी, ह्या कामाला तुमच्यासारखीच माणसं लागतात." मावशी म्हटल्याचा राग वन्संना घरी येईपर्यंत आठवलाही नाही.

मग आमच्या घराची जी काय दैना झाली ती विचारू नका. वरच्या खोलीत वन्सं इंग्रजी व्हिडिओ हळू वेगानं लावून बसायच्या, आणि तो सांगणारा माणूस झोपेतून उठल्यासारखा बोलत राहायचा. शिकलेलं सगळं आमच्यावर करून बघायच्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नवऱ्यानं वायफायचा पासवर्ड लिहून ठेवला होता, तो महिना त्यांनी फाडून टाकला. त्यामुळं त्या महिन्यात अष्टमी कधी आणि चतुर्दशी कधी हे मला शेजारी जाऊन विचारायला लागायचं. नवा पासवर्ड एवढा लांबलचक होता की तो टाकेपर्यंत दूध उतू जायचं. एकदा तर कमालच केली. नवऱ्याच्या फोनवर अनोळखी नंबरावरून निरोप आला, 'आपला गूळ फार आवडला, पन्नास रवे पाहिजेत, पत्त्यासाठी येथे दाबा.' त्यानं हरखून दाबलं. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "गेलास बाबा तू." वन्सं वरच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात नवं सिमकार्ड घातलेला जुना फोन. नवरा म्हणाला, "आगं अक्का, गिऱ्हाईक हाय म्हणलं." "चोर असाच येतोय. गिऱ्हाईक हूनच येतोय," वन्सं म्हणाल्या, आणि त्याला समोर बसवून पाऊण तास शिकवलं. त्यानंतर खरी गिऱ्हाइकं फोन करून थकली, हा पठ्ठ्या एकालाही उत्तर देईना.

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं फोनवर वन्संची मुलाखत घेतली आणि त्यांना त्या पसंतही पडल्या. राहायची सोय कंपनीची, पगार बरा. फक्त ते पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट महिनाअखेरीच्या आत हातात पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. वन्संनी परीक्षेचा दिवस ठरवला. मी बेलची वायर काढली, नवऱ्याला अडतीवर पिटाळलं, शेजारपाजारी बजावून आले की आज आमच्याकडं कुणी फिरकायचं नाही. वन्सं वर गेल्या, दार लावलं. मी खाली देवापुढं दिवा लावला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पीठ मळून होतंय तोवर वन्सं खाली. चेहरा विजयी. मला वाटलं, एवढ्यात पेपर झालासुद्धा?

"चोर हुता गं," त्या म्हणाल्या. "हाकलला."

झालं होतं असं. परीक्षा घरी द्यायची तर कॉम्प्युटरच्या पलीकडून एक परीक्षक लक्ष ठेवतो. तो दिसत नाही, नुसता लिहून बोलतो. त्यानं सांगितलं, हा प्रोग्राम कॉम्प्युटरवर घ्या, बाकीचे सगळे बंद करा, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरा, आता कॅमेरा फिरवून खोलीच्या चारी भिंती दाखवा, टेबलाखाली दाखवा. वन्संनी लिहिलं, 'आधी तुमचं ओळखपत्र दाखवा.' त्यानं लिहिलं, तसं करता येत नाही. वन्संनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं. तो म्हणाला, मॅडम, वेळ कमी आहे, लवकर खोली दाखवा. "घाई करायला लागला बघ," वन्सं मला सांगत होत्या. "ओळखपत्र मागतोय, घर दाखवा म्हणतोय, वर घाई. समदं धड्यात हुतं तसंच्या तसं. मी मिटला की लॅपटॉप!" मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी मेल आला की उमेदवारानं नियम पाळायला नकार दिला म्हणून परीक्षा रद्द. तो परीक्षक खराच होता.

वन्संनी तो मेल दोनदा वाचला. मग उठल्या, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता तरी पंख्याखालची जागा सोडून भिंतीकडेला जाऊन बसल्या. महिना संपायच्या आत एकच वेळ शिल्लक होती, ती मी भांडून त्यांना घ्यायला लावली. पण त्या म्हणायच्या, "कळतंय गं मला, खरा हाय त्यो. पण त्यानं म्हटलं की हातच उचलत न्हाई बघ." नवरा समजुतीनं म्हणाला, "अक्का, नसंल जमत तर सोड की. आम्ही हाय की." त्यावर मी त्याला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं मी त्याला कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या वेळेला मी पदर खोचून जिन्यातच बसले. थोड्या वेळानं दार उघडलं. परीक्षा अजून सुरू व्हायची होती, तपासणीच चालू होती. वन्सं दारात उभ्या, कपाळावर घाम. "सुरेखा, ह्यो खोली दाखवा म्हणतोय. खरा हाय का गं त्यो?" मी आत डोकावले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती, बस्स. आता मला काय डोंबल कळणार? मी वाण्याच्या दुकानात सुटे पैसे मोजतानाही चुकते, मला काय विचारताय, असं म्हणणार होते. पण त्यांचे डोळे बघितले आणि पोरीला सुई टोचून घ्यायला लावताना आई जसं बोलते तसं ठासून म्हटलं, "खरा हाय, वन्सं. दाखवा खोली. मी हाय हितंच." त्यांनी पदरानं घाम पुसला. मग वळल्या, खुर्चीवर बसल्या आणि कॅमेरा हातात घेतला. मी बाहेरून दार ओढून घेतलं. आणि परत जिन्यात येऊन बसले. मध्येच शेजारची भडंगाची वाटी घेऊन जिन्याखाली उगवली आणि तोंड उघडणार एवढ्यात मी धावत जाऊन तिच्याच भडंगाचा बकाणा तिच्या तोंडात कोंबला. अजून ती माझ्याशी धड बोलत नाही.

वन्सं पास झाल्या. अर्थात त्यांनी ते लगेच मानलं नाही. "पास दाखवतंय," एवढंच म्हणाल्या, आणि कंपनीच्या माणसाचा स्वतःहून फोन येईपर्यंत मला पेढे आणू दिले नाहीत. जायची तारीख ठरली, बॅग भरली, लोणच्याची बरणी फडक्यात बांधून झाली. आणि त्या खरोखरच जाणार हे मला तेव्हा कुठं कळलं. नोकरी मिळावी म्हणून मी एवढा आटापिटा केला, पण नोकरी पुण्यात आहे हे जणू मी ऐकलंच नव्हतं.

स्टँडवर मी एकटीच सोडायला गेले होते. नवरा घरी बसून डोळे पुसत होता, वर धूळ गेली म्हणत होता. बसला वेळ होता. मी विचारलं, "वन्सं, त्या दिवशी माझ्यावर कसा काय विश्वास ठेवलात? मला त्यातलं काय कळतंय?"

"तुला त्यातलं कायबी कळत न्हाई, हे मला ठावं हाय की," वन्सं बॅगेचं कुलूप ओढून बघत म्हणाल्या. "पण तू माझं वाईट हू देणार न्हाईस, हे पण ठावं हाय." आणि एवढं साधं काय विचारतेस अशा नजरेनं माझ्याकडं बघून, "येतो गं," म्हणत पायरी चढल्या.

माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला असेल असं मला आठवत नाही, अगदी माझ्या आईनंसुद्धा.  वन्सं खिडकीपाशी बसल्या, काच वर करून बघितली, पुन्हा खाली केली. बस सुटली तेव्हा मला हात हलवायचंही सुचलं नाही.