नाकानं वाचवलेला गुडघा

“गुडघ्याखाली पाय काढावा लागेल,” बारामतीचे डॉक्टर म्हणाले, तशी आमच्या मालकांनी खिशातली बिडी काढून टेबलावर ठेवली. वीस वर्षं मी सांगून थकले होते. आर्टरी, म्हणजे पायाला रक्त नेणारी वाहिनी, आतून बुजली होती. पंजा काळा पडला होता. त्याला गँगरीन म्हणतात.

“गुडघा ऱ्हाईल न्हवं?” एवढंच त्यांनी विचारलं. बावड्याला आमचं भाजीचं रान आहे. तिथलं उठणं-बसणं सगळं गुडघ्यावर.

“राहिला तर कृत्रिम पाय लावून चांगले चालाल. गेला तर अवघड आहे.”

ऑपरेशन झालं. कापलेल्या पायातला तुकडा पॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पुण्याला गेला. नव्वदीतली गोष्ट ही, रिपोर्ट टपालानं यायचे. मालक म्हणाले, “मी अजून पुणं बघितलं न्हाय, आन् माझा पाय मातूर फिरून आला!”

पाचव्या दिवशी पट्टीला वास येऊ लागला. भेटायला पाहुणे येत होते, मला लाज वाटली. मी कॉटजवळ उदबत्त्या लावू लागले. सिस्टरना वाटलं, बाई देवभोळी आहे. दोन दिवस मी हा वेडेपणा केला.

सातव्या दिवशी उदबत्ती संपली आणि वास थेट नाकात शिरला. माझ्या माहेरी मेंढरं होती. खूर आत सडला की अस्साच वास येतो, वरून कितीही धड दिसला तरी. मी तडक ड्युटीवरच्या डॉक्टरांकडं गेले. “पट्टी वरनं कोरडी हाय, पण आत सडलंय. उघडून बघा.” ते म्हणाले, उद्या मोठे डॉक्टर बघतील. मी दारातून हललेच नाही.

शेवटी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. टाके सोडले, तर आत पू आणि काळं मांस. नेक्रोसिस, म्हणजे मांस मरणं. मेलेलं सगळं त्यांनी कापून काढलं. “खोलवरचंही मेलं असेल तर पाय मांडीतून काढावा लागेल,” म्हणाले. आतला तुकडा पुन्हा पुण्याला गेला. रिपोर्ट येईपर्यंत मालक गुडघ्यावर हात ठेवून पडून होते आणि मी स्वतःला शिव्या घालत होते.

रिपोर्ट घेऊन मोठे डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. “आतलं मांस जिवंत आहे. आणखी उशीर झाला असता तर गुडघा गेला होता. बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“मेंढरांनी,” मी म्हणाले.

मग त्यांनी मलाच ड्रेसिंग शिकवलं. दोन महिने सकाळ-संध्याकाळ मीच जखम धुतली. तळातून लालभडक नवं मांस भरून येताना मी रोज डोळ्यांनी पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला माझा फार अभिमान वाटला. तुमच्यावर अशी वेळ आली तर वास झाकू नका. आपण अडाणी म्हणून गप्पही बसू नका.

नवा पाय बसवून आलो आणि मालक काठी टेकत वांग्याच्या वाफ्यापर्यंत गेले. गुडघा वाकवून दमानं खाली बसले. चार माणसं जमली. शेजारच्या तात्यांनी विचारलं, “कुठल्या डाक्टरनं वाचवला म्हनायचा गुडघा?”

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. लोकांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

“आमच्या पारूबाईनं,” ते म्हणाले.