मागच्या चाकाची हवा

दर शनिवारी संध्याकाळी मी सायकलच्या दोन्ही चाकांत दगडासारखी हवा भरायचो, आणि दर रविवारी सकाळी मागचं चाक मऊ सापडायचं. पंक्चर नव्हतं. ट्यूब काढून पाण्याच्या टबात बुडवून पाहिली, एक बुडबुडा आला नाही. वॉल्व्ह बदलून घेतला. तरी तेच. तिसऱ्या रविवारी माझी खात्री पटली की कोणीतरी मुद्दाम हवा काढतंय. कोण काढतंय, तेही मी मनात ठरवून टाकलं.

ठरवायला मला वेळ लागत नाही. सव्वीस वर्षं मी सरकारी बसमध्ये तिकिटं तपासली. आडरस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवायची, चढायचं आणि पहिल्या नजरेत बिनतिकीट माणूस ओळखायचा. खिडकीबाहेर जास्त लक्ष देणारा, झोपेचं सोंग घेणारा, विचारण्याआधीच खिसे चाचपणारा. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. जेव्हा चुकायचा, तेव्हा मी कधी कोणाची माफी मागितली नाही. पुढची गाडी धरायची असायची. निवृत्त झालो, नोकरी सुटली, नजर काही सुटली नाही. बायको म्हणते, "तुमच्यासमोर देव जरी आला ना, तरी त्याले आधी तिकीट मागान तुम्ही."

चंद्रपुरात आमचा गट आहे, तेव्हा पाच जणांचा होता. जाड टायरच्या डोंगरी सायकली घेऊन रविवारी निघतो. उजाडल्यावरच निघतो, कारण आमच्याकडे अंधारात रस्त्यावर वाघ बसलेला असेल की अस्वल ते सांगता येत नाही. शहराबाहेरच्या एका टपरीवर जमायचं, तर्री पोहे आणि चहा घ्यायचा आणि तिथून डांबर सोडून शेतांमधल्या पांदणीला लागायचं. त्या टपरीवर आमचा एक रिवाज आहे. चहा उकळेपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्याची सायकल तपासायची. टायर अंगठ्याने दाबायचं, ब्रेक ओढून बघायचा, साखळीला तेल आहे का ते पाहायचं. स्वतःच्या सायकलीला हात लावायचा नाही. हा रिवाज आमच्यातल्या फोरमनने सुरू केला. तो कोळशाच्या खाणीत आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि माझा सगळ्यात जुना सोबती. त्याचं म्हणणं, आपली खोट आपल्याले दिसत नाई.

तपासणीबरोबर सल्लेही सुरू होतात. सायकलवाल्याइतका फुकटचा सल्ला गावच्या वैदूनेही कधी दिला नसेल. चढ लागायच्या आधी गिअर बदल, पाय थकल्यावर नाही. उतारावर बोट पुढच्या ब्रेकवर नुसतं ठेव, आवळू नको. समोरच्या दगडाकडे पाहू नको, ज्या दगडाकडे पाहशील त्याच्यावरच जाशील. मोहाच्या दिवसांत झाडाखालून जाताना घंटी वाजवत जा, अस्वल खाण्यात गुंग असतं. एकच मुद्दा असा होता ज्यावर माझं कोणाशी जमत नव्हतं. तो म्हणजे हवा. मी टायर कडक ठेवणारा माणूस. कडक टायर पळतं, मऊ टायर रखडतं, हे मी शाळेत असताना बापाच्या सायकलवर शिकलो होतो आणि मला त्यात बदल करण्याची गरज वाटत नव्हती.

हे हवेचं प्रकरण सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात जिवतीच्या उतारावर मुरमावरून मागचं चाक सटकलं आणि मी खांद्यावर आदळलो. गळ्याजवळचं हाड मोडलं. दोन महिने उजवा हात झोळीत होता. बायकोने घास भरवले, अंघोळीचं पाणी अंगावर ओतलं, शर्टाची बटणं लावली, आणि हात मोकळा झाला त्या दिवशी सांगून टाकलं, "आता एकदा जरी पडले, तर सायकल भंगारवाल्याले देतो. मंग बसा टीव्हीसमोर." ती बोलते तसं करते. म्हणजे माझे रविवार एका पडण्यावर येऊन थांबले होते, आणि अशात कोणीतरी माझ्या चाकाशी खेळत होतं.

गटात पाचवा माणूस पावसाळा संपता संपता आला. तिशीतला, आरोग्य खात्यात. बरीच वर्षं एटापल्लीकडच्या जंगलात होता. तिकडे गावोगाव गोळ्या-लसी घेऊन साध्या सायकलने हिंडला आणि बदलीवर चंद्रपूरला आल्यावर त्याने पहिली चांगली सायकल घेतली. बोलायला कमी. फोटो काढायचा नाही, किती किलोमीटर झाले ते कोणाला सांगायचा नाही. उतारावर मात्र आमच्या कोणाच्याही पुढे. मला पहिल्या दिवसापासून तो खटकला. जंगलातून आलेला माणूस, कमी बोलतो, म्हणजे काहीतरी लपवतो, असं माझं गणित. हे आज लिहिताना शरम वाटते, पण तेव्हा ते मला अनुभवाचं शहाणपण वाटत होतं.

आल्यावर महिन्याभरात त्याने फोनवरच्या आमच्या गटात बोलून पाठवलेला एक निरोप टाकला. बहुतेक माझ्या पडण्याची हकीकत फोरमनकडून ऐकली असावी. मी असे निरोप मोठ्या आवाजात लावतो, कान थोडे कमी झालेत. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं: "मुरमावर हवा कमी ठेवत जा भाऊ. कडक टायर गोट्यावर नाचते, मऊ टायर जमीन पकडते. आम्ही तिकडं चिखल आला का थोडी हवा सोडून देत होतो. पडत नाई मंग माणूस." मी म्हणालो, "शिकवतोय मला!" आणि फोन बंद केला.

त्यानंतरच्याच रविवारी माझं मागचं चाक पहिल्यांदा मऊ निघालं.

मी कोणाला बोललो नाही. चोराला सावध करून चोर सापडत नाही, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. चहाच्या ग्लासाआडून बघत राहिलो. तो नवा माणूस दर वेळी सगळ्यात आधी माझ्याच सायकलीकडे जायचा. मागच्या चाकाशी वाकायचा, अंगठ्याने दाबायचा, आणि मान हलवून हलकंसं हसायचा. ते हसू मी पकडलं आणि गाठीशी बांधलं. तो बाजूला झाला की मी हळूच जाऊन चाक दाबायचो. मऊ. घरून निघण्यापूर्वी एकदा दाबून पाहावं, हे मला सुचलंही नाही. आदल्या संध्याकाळी मीच तर भरली होती!

चाक मऊ असूनही मी तसाच जायचो, पुरावा जमवायला. आणि गंमत म्हणजे त्या दिवसांत मी उतार बरे उतरत होतो. जिथे आधी मागचं चाक सरकायचं, तिथे ते जागा धरून राहायचं. मी फोरमनला म्हणालोही, "हाड मोडलं ना, तेव्हापासून शरीराला तोल कळायला लागला." तो म्हणाला, "असंल बाप्पा."

पाचव्या रविवारी मी त्याला रंगेहाथ धरला. तो माझ्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि वॉल्व्हची काळी टोपी त्याच्या हातात होती.

"काय करून राह्यला रे?" मी ओरडलो. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"टोपी तिरपी बसली होती भाऊ. सरळ करून लावतो."

"दर रविवारी माझीच टोपी तिरपी बसते?"

"हो ना भाऊ. मलेही नवल वाटून राह्यलं."

बिनतिकीट माणसं असंच बोलतात. मला जोर चढला. म्हणालो, चोरून हवा काढतो आणि वर नवल करतो. म्हणालो, मी पडावं अशी इच्छा आहे का तुझी, म्हणजे गटात पुढे पुढे करायला मोकळा. आणि शेवटी असं काही म्हणालो जे कोणत्याही बसमध्ये, कोणत्याही माणसाला म्हणालो नव्हतो: "हे असं तुमच्या जंगलात चालत असंल. इथी नाई चालत."

तो फोरमनकडे बघत राहिला. फोरमन चहाकडे बघत राहिला. मग नव्या माणसाने टोपी नीट फिरवून लावली, हात पँटीला पुसले, अर्ध्या पोह्यांची प्लेट तशीच ठेवली आणि आला तसा शहराकडे निघून गेला. संध्याकाळी फोनवर दिसलं की त्याने गट सोडला.

"भाऊ, पक्कं माहीत आहे ना तुमाले?" फोरमनने परतताना विचारलं.

"सव्वीस वर्षं हेच केलं मी," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी ताठ मानेने टपरीवर गेलो. सवयीने मागचं चाक दाबलं. मऊ होतं.

शहाण्या माणसाने तिथेच कान पकडले असते. माझा संशय उलट घरात शिरला. वाटलं, आता तो घरी येऊन हवा काढतोय. सायकल पुढच्या पडवीत असते, रात्री झोपेपर्यंत जाळीला कुलूप नसतं. डूख धरला असेल. मी शेजारच्यांकडे चौकशी केली, कोणी सडपातळ माणूस दिसला का. मग मला वनखात्याची युक्ती आठवली. वाघ कुठून जातो ते कळायला ती माणसं वाटेवर बारीक माती चाळून पसरतात आणि सकाळी ठसा बघतात. शनिवारी संध्याकाळी मी हवा भरली, बायको मागे दोरीवरचे कपडे काढत होती तेवढ्यात कुंडीतली माती चहाच्या गाळणीने चाळून सायकलीभोवती पातळ पसरली आणि भाजी आणायला बाजारात गेलो. तासाभराने परतलो. पिशवी खाली न ठेवता वाकून पाहिलं.

ठसे होते. अनवाणी पावलं, लहान, टाचेला भेगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी जोडव्याची बारीक खूण उमटली होती.

मी आत गेलो. ती वांगी चिरत होती.

"हवा तू काढते?"

"मंग कोन काढनार?" तिने मान वर केली नाही. "त्या पोरानं सांगतलं ना फोनवर, हवा कमी असली का टायर जमीन पकडते. तुमाले सांगून तुम्ही आयकता का कोनाचं? म्हनून केसातला आकडा घेतो, त्या नळीत दाबतो, धापर्यंत मोजतो, बंद करतो. टोपी मातर मले जमत नाई नीट लावाले, तिरपीच बसते."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पडले का एकदाही?" तिने विचारलं.

नव्हतो पडलो. त्या रखडणाऱ्या, मऊ टायरने मला सगळ्या उतारांवरून सुखरूप खाली आणलं होतं आणि श्रेय मी माझ्या मोडक्या हाडाला दिलं होतं. मी तिला टपरीवरची गोष्ट सांगितली. मी काय काय बोललो, तेही सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. तिने विळी आडवी केली.  मग म्हणाली, "आताच जा."

त्याची खोली फोरमनला विचारून शोधली. तो अंगणात सायकल धूत होता. मला बघून उभा राहिला, बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. माफी कशी मागतात हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी उभ्या उभ्या जबाब दिल्यासारखं सगळं सांगितलं. हवा बायको काढत होती. आकड्याने. तुझाच निरोप ऐकून. माझं चुकलं. मी जंगलाबद्दल जे बोललो ते फार वाईट बोललो, माझ्या जिभेला हाड राहिलं नाही.

बायकोच्या नावाला तो थोडा हसला. "बाईनं आयकलं म्हना."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अंगातला तपासनीस जात नाही. मी विचारलं, "एक सांग. दर रविवारी तू माझंच चाक आधी का बघायचा? आणि हसायचा कशाला?"

तो फडक्याने साखळी पुसत राहिला. त्याला सांगावं की नाही असं झालं होतं, हे मला दिसलं. मग तो म्हणाला, "निरोप टाकल्यावर पहिल्या रविवारी तुमचं टायर दाबून पाह्यलं, तं हवा बरोबर होती. मले वाटलं, तुम्ही माझं आयकलं. एवढ्या मोठ्या मानसानं नव्या मानसाचं आयकलं. म्हनून दर बारी आधी तुमचंच चाक पाहाचो भाऊ. बरं वाटे."

 त्याचं ऐकलं होतं खरं, पण मी नाही.

निघताना मी त्याला रविवारी ये म्हणालो. तो "पाहू भाऊ" म्हणाला, नळ बंद केला आणि सायकल उचलून आत घेऊन गेला. त्याला आता वर्ष होत आलं. तो आलेला नाही.