मुक्ताच्या मानेवरचा तीळ

मंगळवारी सकाळी मुक्ताची वेणी घालत होते... आणि कंगव्याला रक्त लागलं. मानेवरचा एक तीळ खरवडला गेला होता.

दुसऱ्या कुणाच्या मुलीचा असता तर कापूस लावून शाळेत पाठवलं असतं. आमच्याकडे तसं नसतं. मुक्ता माझी मुलगी, वय तेरा. नाव बदललंय... हे नाव तिनेच निवडलं.

तिला टर्नर सिंड्रोम आहे. मुलींमध्ये दोन एक्स गुणसूत्रं असतात, हिच्यात एकच आहे. त्यामुळे उंची वाढत नाही. आठवीत आहे, पण नवीन माणूस तिला तिसरी-चौथीतली समजतो. रोजचं इंजेक्शन, हृदयाच्या तपासण्या... हे लोकांना सांगितलं की कळतं. त्वचेचं मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही.

दरवर्षी नवे तीळ... गालावर, हातांवर, पाठीवर. चेन्नईच्या घामाने कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते, खाजवून खाजवून तिथली कातडी जाड झालीये. पावलं सुजतात, नखं आत रुततात.

आणि कान... आठव्या वर्षी मी हौसेने टोचून आणले. भोकाच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ आली. काढली, तर परत आली, आधीपेक्षा मोठी. तेव्हापासून ती कानावर केस ओढून घेते आणि मी दुसरीकडे बघते.

वेस्ट मांबलमच्या आमच्या बिल्डिंगमधल्या मामी म्हणतात, "एवढे मच्चम! नशीबवान हो पोरगी." तिळाला इथे मच्चम म्हणतात. मी नुसती हसते. दरवेळी समजावून सांगायचं त्राण नसतं...

तर मंगळवारी नवरा फर्स्ट शिफ्टला. श्रीपेरुंबुदूरची कंपनीची बस पहाटेच गेलेली. मी ऑफिसला आणखी एक सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी ऑटोने स्किनच्या डॉक्टरांकडे निघालो. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच शब्द... कॅन्सर. फाइल नेहमीसारखी मुक्ताच्या मांडीवर होती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टर रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसलेल्या. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं, वय विचारलं आणि तमिळमध्ये मला म्हणाल्या, "हिला आधीचा काही आजार?"

या प्रश्नाला मी नेहमी एकच करते. "मुक्ता, बाहेर बस जरा, पाणी पी," असं म्हणते आणि मग माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, हळू आवाजात सगळं सांगते. घरात आम्ही त्याला 'हार्मोनचा प्रॉब्लेम' म्हणतो. खरं नाव, आणि तिला पुढे मूल होणं कठीण आहे हे... 'मोठी झाली की सांगू' असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. मोठी कधी होणार, तेही आम्हीच ठरवणार होतो.

मी "मुक्ता, बाहेर..." एवढंच म्हणाले. ती उठलीच नाही.

स्वच्छ तमिळमध्ये डॉक्टरांना म्हणाली, "मला टर्नर सिंड्रोम आहे. त्यात तीळ जास्त येतात. माझ्या जखमेवर गाठी होतात, म्हणून उगाच कापू नका. आणि हा तीळ आपोआप फुटला नाही, आज सकाळी कंगवा लागला."

माझ्या मांडीवरची पर्स घसरून खाली पडली. उचलायचंही सुचेना.

डॉक्टरांनी भिंग लावून तो तीळ बघितला. मग पूर्ण पाठ, हात, अगदी टाचासुद्धा. मी दोनदा विचारलं, "काही वाईट नाही ना?"

त्या मुक्ताकडे बघून, इथे लेकरांना लाडाने म्हणतात तसं म्हणाल्या, "कण्णा, घाबरायचं काही नाही. साधा तीळ आहे, वरून सोललाय. तीन महिन्यांनी परत दाखव. उन्हात जाताना क्रीम लावायचं... आणि कुठलाही तीळ बदलला तर आईला सांगायचं."

बाहेर बाकावर बसलो.

"कधीपासून माहितीये तुला?"

"सहावीपासून. प्रत्येक वेळी फाइल माझ्याकडेच असते ना गं."

"सगळं?"

"हो. बाळाचं पण."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू मला बाहेर पाठवायचीस. मला वाटलं, माझ्यासमोर बोललं की तुला त्रास होतो... म्हणून मी जायचे."

दोन वर्षं. दोन वर्षं ही पोर मला सांभाळत होती, आणि मी समजत होते की मी तिला सांभाळतेय. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. थकव्याने तेही आलं नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बाबांना माहितीये का, मला माहितीये ते?"

"नाही."

"मग आज सांगूया. तू सांग, मी शेजारी बसते."

संध्याकाळी नवरा आला. मी दारातच सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. तो खांद्यावरची बॅगही न काढता उभा राहिला. मग सोफ्यावर मुक्ताजवळ बसला आणि म्हणाला, "बरं झालं बाई." मुक्ताने टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच...

आजार तसाच आहे. खाज, सूज, तपासण्या, सगळं तसंच. मी अजूनही दमलेलीच आहे, खोटं कशाला सांगू... पण आता घरात हळू आवाजात बोलावं लागत नाही. दमलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

त्या नव्या डॉक्टरांचे आभार मानायचे राहिले त्या दिवशी. प्रश्न मी विचारला होता... उत्तर त्यांनी माझ्या मुलीला दिलं.